धाकटीसारखी वही

सासूबाईंचा उजवा गुडघा आमच्या स्वयंपाकघरातून देवघरापर्यंत येताना दुखायचा आणि धाकटीच्या माडीचा जिना चढताना मात्र दुखायचा नाही, हे माझ्या लक्षात आलं तेव्हाच खरं तर मी देवाचं नाव घेऊन गप्प बसायला हवं होतं. मी गप्प बसले नाही. वही घ्यायला निघाले.

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. आम्ही खाली राहतो, ते दोघं वर. तिच्याबद्दल वाईट काही सांगणार नाही, कारण कुणाची निंदा करायची नाही हा माझा नेम आहे. तो इतकी वर्षं पाळलाय की कुणाबद्दल वाईट बोलायची वेळ आली की माझे ओठ आपोआप मिटतात आणि नाकपुड्या फुगतात. घरातली माणसं त्यावरून काय समजायचं ते समजतात. बाकी माझे नेम फार नाहीत. सकाळी उठल्यापासून दुपारची प्रार्थना होईपर्यंत मौन. खोटं बोलायचं नाही, गमतीतसुद्धा नाही. आणि संध्याकाळी दिवा लावून सासूबाईंना पोथी वाचून दाखवायची.

हा शेवटचा नेम माझा सगळ्यात लाडका. सासूबाई खुर्चीत, मी सतरंजीवर, मध्ये दिवा. मी वाचायचे, त्या डोळे मिटून ऐकायच्या. मधूनमधून घोरायच्यासुद्धा, पण ते घोरणं तल्लीन झाल्यासारखं असायचं, त्यात झोप दिसायची नाही. निदान मला दिसायची नाही. सबंध दिवसात माणसाबरोबर बसायची माझी तेवढीच वेळ होती. हे नोकरीवर, मुलगी सासरी. सासूबाई आणि मी.

आणि अशात धाकटीने रोजनिशी सुरू केली.

तिला कार्यालयातल्या कुणीतरी सांगितलं म्हणे, रोज मनातलं लिहून काढावं, डोकं हलकं होतं. धाकटीचं डोकं आधीपासून काही फार जड होतं असं नाही. (पाहा, ओठ मिटले माझे.) तर ती लिहायला लागली. एके दिवशी जेवताना तिने वही आणली आणि वाचून दाखवली. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाने आधी नळ, मग मोरी, मग शेजारच्यांची मोरी कशी तुंबवली, एवढंच होतं. सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. आमचे हेसुद्धा हसले, आणि हे सहसा सुट्टीच्या दिवशीच हसतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पोथी उघडली तर सासूबाई म्हणाल्या, "आज जरा लवकर आटप हं. मला वर जायचंय."

"वर? गुडघ्याचं काय?"

"कठडा आहे की," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तू वाच, मी वरून ऐकते." वरून! पोथी काय सायरन आहे वरून ऐकायला? मी दिव्यापुढे एकटी वाचत बसले आणि माडीवरून धाकटीचा आवाज, मग क्षणभर शांतता, मग सासूबाईंचं हसणं, असं सगळं छतातून ठिबकत राहिलं. एका ओवीवर मी इतका वेळ अडकले की देवालाही ती पाठ झाली असेल.

मत्सर हा शब्द मी वापरणार नाही. पण तो आला होता, आणि पाहुण्यासारखा नाही, भाडेकरूसारखा आला होता, सामानसुमान घेऊन. मी ठरवलं, आपणही रोजनिशी लिहायची. धाकटीला येतं ते मला न यायला काय झालं? मी तर तिच्यापेक्षा जास्त वाचलेलं आहे. हां, एकच वाचलेलं आहे, पण पुष्कळदा.

पहिली वही कोपऱ्यावरच्या दुकानातून आणली. शाळेची, एकरेघी. नव्या वहीच्या पहिल्या पानावर देवाचं नाव लिहायचं, त्याशिवाय काही सुरू करायचं नाही, ही माझी सवय. नाव लिहिलं. पान उलटलं. मनातलं लिहायचं असतं म्हणून डोळे मिटून मनात पाहिलं, तर तिथे धाकटी बसलेली. तिचा तो हसरा चेहरा, तिची ती वही. लिहायला हात उचलला, आणि थांबले. निंदा बोलायची नाही असा नेम. लिहायची नाही असं कुठे म्हटलंय? पण पहिल्या पानावर देवाचं नाव आणि त्याच्या पाठीवर जावेची निंदा, हे बरं दिसलं असतं का? वही मिटली आणि देवघरात ठेवून दिली. ती आता देवाची झाली.

दुसरी वही आणली. म्हटलं, यावेळी नाव न लिहिताच सुरुवात करू. हात ऐकेना. पहिल्या पानावर नाव उमटलंच. तीही देवघरात गेली. मग आणखी एक. दुकानदार एकदा म्हणाला, "ताई, शिकवण्या सुरू केल्यात का?" मी मान हलवली. मौनात होते.

आमच्या ह्यांनी मग त्यांच्या कार्यालयातली एक जुनी दैनंदिनी आणून दिली. जाड, तारखा छापलेल्या, मागे वजनमापांचे तक्ते. पण ती होती मागच्या कुठल्यातरी वर्षाची, त्यामुळे वार जुळत नव्हते.

"अहो, आज सोमवार आहे. हे पान मंगळवारचं आहे."

"मग?"

"मंगळवारच्या पानावर सोमवारचं लिहिणं म्हणजे खोटंच की."

"अगं, कागद आहे तो! कागदाला काय कळतंय?"

"मला कळतंय ना."

ह्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. ते धरलं की आमच्याकडे चर्चा संपली असं समजतात.

एव्हाना आळीत ही बातमी पसरली होती, आणि सल्ला द्यायला आवकजावक आले. हे आमचे शेजारी. सरकारी खात्यात हेडक्लार्क होते. निवृत्त झाले तरी त्यांच्या दारात येणाऱ्याला ते आधी "कुणाकडून?" विचारतात आणि जाताना "विषय संपला ना?" म्हणतात, म्हणून सगळी आळी त्यांना आवकजावक म्हणते. तोंडावरसुद्धा. त्यांना तो किताब वाटतो.

"वहिनी, तुमची मूळ चूक वहीत आहे," ते खुर्चीवर बसता बसता म्हणाले. "वही म्हणजे मोकळं रान. माणसाला मोकळ्या रानात सुचत नाही. रकाने पाहिजेत. रकाना दिसला की माणूस आपोआप भरतो. मी उभ्या आयुष्यात एकदाही काय लिहू म्हणून थांबलो नाही."

आणि त्यांनी मला एक रजिस्टर दिलं. लांबलचक, लाल कापडी पाठीचं, इतकं जड की ते आणताना त्यांना दाराशी विसावा घ्यावा लागला. रकाने असे: अनुक्रमांक, दिनांक, कुणाकडून, विषय, कार्यवाही, शेरा.

मी भरलं. खोटं नाही सांगत, सुचलं. 'कुणाकडून: सासूबाई. विषय: संध्याकाळी वर गेल्या. कार्यवाही: प्रलंबित.' दुसऱ्या दिवशी 'विषय: वरीलप्रमाणे. कार्यवाही: वरीलप्रमाणे.' तिसऱ्या दिवशी शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'आज जास्त हसल्या.' आणि ते वाचून मलाच रडू आलं. रजिस्टरवर रडणारी बाई फार केविलवाणी दिसते. आवकजावकांनी तपासायला मागितलं तेव्हा मी ते दिलं नाही.

आता माझी खात्री पटली की दोष माझ्यात नाही, वहीतच आहे. धाकटीचं जमतं ते त्या वहीमुळे. तिची ती काळी, गोल कोपऱ्यांची, आत रेशमी फीत, बाहेरून ताणून लावायचा पट्टा. फीत घालून ठेवली की मन जिथे सोडलं तिथेच सापडत असणार. तशी वही कुठल्याच दुकानात मिळेना. मिळत होती ती फक्त धाकटीच्या कार्यालयाच्या आवारातल्या कर्मचारी भांडारात. धाकटीला सांगितलं असतं तर तिने संध्याकाळी आणून दिली असती. म्हणूनच नाही सांगितलं.

भांडार उघडं असायचं सकाळी, आणि जेवणाच्या सुट्टीला बंद व्हायचं. म्हणजे नेमकं माझं मौन. पण वही घ्यायला बोलावं कशाला लागतं? बोट दाखवायचं, वही घ्यायची, यायचं. धाकटीची नजर पडू नये म्हणून डोक्यावरून पदर घेतला आणि गेले.

खिडकीशी रांग होती. माझी पाळी आली. मी काचेआडच्या काळ्या वहीकडे बोट दाखवलं.

"सभासद क्रमांक?" कारकुनाने विचारलं.

मी मान हलवली.

"क्रमांक, बाई, क्रमांक! कार्ड!"

मी पिशवीतून कागद काढला आणि लिहिलं: 'सभासद नाही. वही हवी.'

त्याने कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा एकदम मवाळ झाला. मग तो खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडला, "ऐकू येतं का?" एवढा मोठा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. मी दचकून दोन्ही हात कानावर ठेवले. त्यावरून रांगेने काढायचा तो अर्थ काढला.

"अरेरे, ऐकूही येत नाही," मागची बाई म्हणाली. "सरका हो, त्यांना बसू द्या." कुणीतरी खुर्ची आणली. कुणीतरी पाणी. मी जोरजोरात मान हलवत होते, आणि मी जितकी हलवावी तितकी ती माणसं आणखी प्रेमाने वागत होती. शेवटी आतून साहेब आले. सज्जन गृहस्थ. मी घाईघाईने कागदावर लिहिलं, 'मी मौनात आहे,' आणि त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते मोठ्याने वाचलं. "'मी मौनात आहे.'" मग चष्मा वर केला. "बघा. आपण तक्रारी करतो. आणि या बाईंनी स्वतःचं दुःख किती सुंदर शब्दांत मांडलंय बघा!"

रांग गहिवरली.

साहेबांनी सांगितलं, यांना सभासदत्वाची अट नाही, विशेष सवलतीत बसवा. फॉर्म आला. प्रकार या रकान्यात कारकुनाने माझ्या वतीने वाचा आणि श्रवण अशा दोन्हींवर खूण केली. मी पेन हिसकावायला गेले तर तो म्हणाला, "राहू द्या, राहू द्या, मी भरतो," आणि माझ्याकडून नुसती सही घेतली. म्हणजे घेतली नाही, मी केली. वही समोर ठेवलेली होती. तिची फीत बाहेर लोंबत होती. आजवर मी कसल्याही मोहात पडले नाही, पण तो मोह रेशमी होता.

वही छातीशी धरून आवारातल्या बाकावर येऊन बसले आणि मग अंगावर काटा आला. सही केली होती मी. खोट्यावर. गमतीतसुद्धा खोटं न बोलणारी मी, एका वहीपायी साहेबी शिक्क्यासकट खोटी ठरले होते. आता जाऊन खरं सांगायचं तर मौन मोडणार, न सांगावं तर खोटं पचणार. एक नेम वाचवावा तर दुसरा बुडतो. शेवटी ठरवलं, दुपारची प्रार्थना इथेच करायची आणि ती संपताच खिडकी गाठायची. डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत सुरू केली.

"बोलायचा प्रयत्न करतेय बिचारी," जाणारं कुणीतरी म्हणालं.

प्रार्थना संपली तशी मी धावतच गेले. कारकून खिडकीची झडप ओढत होता.

"अहो, थांबा! मला बोलता येतं!"

त्याच्या हातातला शिक्का खाली पडला. आतून एक बाई ओरडली, "बोलल्या! बोलल्या!" साहेब जेवणाचा डबा तसाच उघडा टाकून आले. मी शांतपणे, माझ्या नेहमीच्या हळू आवाजात, सगळं सांगितलं. मौनाचा नेम, फॉर्म, खूण, सही. साहेबांच्या चेहऱ्यावरचा भाव हळूहळू बदलत गेला. मघाशी मी त्यांना दुःखी बाई म्हणून आवडले होते. खरी बाई म्हणून तितकी आवडले नाही.

"म्हणजे नोंद रद्द करायची," ते म्हणाले. "मग दाखला लागेल."

"कसला?"

"तुम्हाला बोलता आणि ऐकता येतं याचा. डॉक्टरांचा."

"पण मी बोलतेय ना तुमच्यासमोर!"

"तोंडी चालत नाही, बाई," साहेब म्हणाले. "लेखी लागतं."

वही त्यांनी जमा करून घेतली. फीत नीट आत घालून. त्यांच्या पुस्तकात मी अजूनही मुकीच आहे, असं समजायला हरकत नाही. बाहेर पडताना फाटकाशी पाहिलं तर आवारातल्या झाडाखाली धाकटी मैत्रिणींबरोबर डबा खात बसलेली, आणि भांडारातली ती "बोलल्या" म्हणणारी बाई तिच्याकडे हात हलवत धावत चाललेली. मी पदर आणखी पुढे ओढला. आता पदराने काय होणार होतं?

त्या संध्याकाळी सासूबाई पोथी सुरू व्हायच्या आधीच वर गेल्या. मी दिवा लावला, वाचायला बसले. वरून धाकटीचा आवाज. शांतता. मग जे हसू आलं ते आजवरचं सगळ्यात मोठं. मला कळलं, आज वहीत मी आहे. नळवाल्याच्या जागी मी. इतके दिवस वाटायचं, सासूबाईंनी त्या वहीकडे पाहू नये, माझ्याकडे पाहावं. आज पाहत होत्या, पण त्या वहीतून.

मी पोथी मिटली. अर्धवट कधी मिटत नाही. जिना चढले. तोंडावर काहीतरी ऐकवायचं, असं मनात होतं. काय ते ठरलं नव्हतं.

दारात पोचले तेव्हा धाकटी वाचत होती, "...आणि साहेबांचे डोळे भरून आले, त्यांनी ताईंच्या गळ्यात हार घातला..."

"हार नव्हता," मी म्हणाले. "खुर्ची होती."

दोघी दचकल्या. धाकटी लाल झाली. "ताई, मी... रागावू नका हं. गंमत म्हणून..."

"राग नाही. पण खोटं आहे ते. हार कसला? खुर्ची दिली आणि पाणी दिलं. पाणीसुद्धा मी प्यायले नाही, कारण पेला धरला असता तर लिहायला हात उरला नसता. आणि तो कारकून नुसता ओरडला नाही. असा ओरडला." आणि मी ओरडून दाखवलं.

माझ्या घशातून एवढा आवाज निघतो हे मलाही ठाऊक नव्हतं. खाली आमचे हे वर्तमानपत्र टाकून जिन्यापर्यंत आले. सासूबाईंनी आधी छातीवर हात ठेवला, मग पोटावर.

"मग? मग पुढे?"

"पुढे काय, साहेब आले. माझा कागद वाचला. 'किती सुंदर शब्दांत मांडलंय बघा!'" मी चष्मा वर करायचा तसा हात केला. कुणाची निंदा केली नाही. जे झालं ते जसं झालं तसं सांगितलं, आणि ते सांगता सांगता मी केव्हा खाली बसले, केव्हा माझा पदर डोक्यावरून घसरला, मला कळलं नाही. बाकावरच्या प्रार्थनेपर्यंत आले तेव्हा सासूबाईंनी एक हात वर करून मला थांबवलं, कारण त्यांना श्वास घ्यायचा होता. धाकटी वही विसरून माझ्याकडे बघत होती. तोंड उघडं टाकून.

हसणं ओसरल्यावर सासूबाई चष्मा पुसत राहिल्या. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

"इतकी वर्षं तू मला वाचून दाखवतेस," त्या म्हणाल्या. "सकाळी तुझं मौन. दुपारी माझी झोप. संध्याकाळी पोथी. पोथी मला पाठ आहे गं. तू लग्न होऊन येण्याआधीपासून पाठ आहे."

"मग कधी बोलला का नाहीत, आई?"

"तुझा नेम होता. मी कशी मोडू?" त्या म्हणाल्या. "मला आपलं वाटायचं, दिवसभरात काय झालं ते कुणीतरी सांगावं."

घसरलेला पदर मी पुन्हा डोक्यावर घेतला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाई वर गेल्या नाहीत. गुडघा, म्हणाल्या. मी दिवा लावला, पोथीचा थोडासा भाग वाचला, कारण नेम तो नेम, पुस्तक कपाळाला लावून बाजूला ठेवलं, आणि सांगायला सुरुवात केली. आवकजावक रजिस्टर परत न्यायला आले, त्यांनी ते उघडून पाहिलं, 'आज जास्त हसल्या' हा शेरा वाचून दारातच 'कोण हसलं? कुणाच्या आदेशाने?' असं मला विचारत उभे राहिले, ते सगळं. सासूबाई खुर्चीत पुढे सरकून बसल्या होत्या. डोळे उघडे.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि धाकटी आली. हातात तीच वही. "ताई, मी पण बसते हं. तुमचं ऐकून लिहून ठेवीन म्हणते. तुमच्यासारखं मला सुचत नाही."

आता हे ऐकून कुणाला बरं वाटणार नाही? मला वाटलं. मी सरकून तिला सतरंजीवर जागा दिली. तिने पट्टा काढला, फीत बाजूला केली, ती लिहू लागली, आणि मी आणखी रंगात आले. आवकजावकांनी रजिस्टर उचललं, दोन पावलं गेले, विसाव्याला टेकले, आणि आमच्या पायरीवर...

"अगंबाई!" सासूबाई एकदम म्हणाल्या. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. वाकून धाकटीच्या वहीत पाहत होत्या. "किती भराभर लिहितेस गं तू! आणि अक्षर तरी कसं, नुसतं मोत्यासारखं!"

मी थांबले.

"पुढे?" सासूबाई म्हणाल्या. "पायरीवर काय झालं?"

"हो ताई, पुढे?" धाकटीने पेन उचलून विचारलं.

काही नाही झालं, असं म्हणणं सोपं होतं, पण ते खोटं ठरलं असतं. पायरीवर पुष्कळ काही झालं होतं.

"आधी ते पेन बंद कर," मी धाकटीला म्हणाले. "मग सांगते."